लवकर म्हणजे कुठे?

सातवीच्या वर्गाला क्रियाविशेषणं शिकवताना मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले : 'बाबा लवकर आले.' यातला 'लवकर' कुठला? 'कालवाचक!' असा एका सुरात गिल्ला होतो आणि मी पुढच्या प्रकाराकडे वळते. या वर्षी 'बाबा' एवढं लिहून झालं आणि खडू थांबला. पुसून टाकलं, 'लोकल लवकर आली' असं लिहिलं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, असं होतं का कधी?" वर्ग हसला. मीही हसले.

माझं त्या शब्दाशी भांडण आहे. फार जुनं नाही, नोव्हेंबर २०२१ पासूनचं.

बाबांच्या लघवीच्या पिशवीत गाठ निघाली होती. ती दुर्बिणीतून खरवडून काढली, तपासायला पाठवली, रिपोर्ट आला. सर्जननी रिपोर्टवरून नजर उचलून दोन वाक्यं सांगितली. "अर्ली स्टेज आहे. मसलपर्यंत गेलेला दिसत नाही." मी पहिलं ऐकलं. बाहेर येऊन भावाला फोन केला, 'लवकर सापडलाय.' भावाने गावी काकांना कळवलं, 'वेळेत सापडला.' काकूने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला. संध्याकाळी चिंचपोकळीला चाळीत पोचले तेव्हा जिन्यातच शेजारच्या मावशींनी माझे हात धरले, "वाचले गं बाई, होता होता राहिला!" दोन वाक्यांपैकी एक निघालं आणि चार तोंडं फिरून दिवसभरात इतकं बदलून घरी परत आलं.

आमच्यापैकी कोणीही न ऐकलेलं दुसरं वाक्य हाच पहिल्याचा अर्थ होता. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये 'अर्ली' हे कालवाचक नसतं, स्थलवाचक असतं. रोग कधी सापडला हे ते सांगत नाही, कुठपर्यंत पोचलाय ते सांगतं. मी व्याकरण शिकवते आणि मला हे कळायला अडीच वर्षं लागली. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते गिरणीच्या रंगखात्यातले.

*

लाल लघवी त्यांना किती दिवस होत होती, देव जाणे. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. आत पिवळा बल्ब, तोही लागला तर. तिथे लाल काय आणि तपकिरी काय. दिवाळीला ते माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आले आणि पांढऱ्या कमोडमध्ये त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या करत होते, ते ओट्याशी येऊन उभे राहिले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाय, तुझ्या संडासात लाल पाणी पडतंय."

मला आधी वाटलं टाकीत गंज उतरलाय.

दुखत नव्हतं, जळजळ नाही, ताप नाही. तेवढ्यात पुन्हा आठ दिवस साफ. "बघ, गेलं." या आजाराची हीच खोड. न दुखता रक्त पडणं आणि मग आपोआप थांबणं. दुखलं असतं तर कोणीही धावलं असतं. आणि बाबांना शरीरातून रंग बाहेर येण्याचं नवल नव्हतंच. गिरणीत असताना पुडीतला रंग तोलताना इतका उडायचा की घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल निळा, कधी हिरवा. आई सांगते, लग्नानंतर पहिल्या महिन्यात उशीचा अभ्रा जांभळा झालेला बघून ती घाबरली होती. घामाने. "दोन दिवस सुट्टी घेतली की जातो," ते तिला म्हणाले होते. चाळीसएक वर्षांनी तेच मला म्हणत होते.

आणि एक गोष्ट. बापाच्या लघवीबद्दल लेकीने बोलायचं हे आमच्याकडे नव्हतं. भाऊ बडोद्याला. मग सोनोग्राफीच्या रांगेत 'पिशवी भरलीय का?' असं मी त्यांना विचारायला लागले, तेव्हा दोघंही भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बोलायचो. पुढे पुढे तीही लाज गेली. नळी, पिशवी, मापाचं भांडं, सगळं भाजीपाल्यासारखं बोलण्यात आलं.

*

सर्जननी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं. मूत्राशयाची भिंत. सगळ्यांत आत, लघवीला लागून, पेशींचं पातळ अस्तर. त्याखाली सैलसर थर, त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या. त्याच्याही खाली जाड स्नायू, पिशवी आवळून रिकामी करणारा. गाठ अस्तरातच असेल तर 'टीए'. सैल थरात शिरली तर 'टी-वन'. स्नायूत घुसली की 'टी-टू', आणि तिथून उपचारच बदलतात, बहुतेकदा पिशवीच काढावी लागते. हा कॅन्सर ज्यांना होतो त्यांच्यात दर चारांपैकी साधारण तिघांचा स्नायूच्या अलीकडेच सापडतो. बाबांचा टी-वन, वर 'हाय ग्रेड', म्हणजे पेशी बघायला रानटी.

बाबांनी चित्राकडे नीट बघितलं आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टरसाहेब, रंग वरवर बसलाय का धाग्यात मुरलाय, असंच ना?"

सर्जन हसले. "एक्झॅक्टली. वरवर."

बाबा हसले नाहीत. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवते. पहिलं ऑपरेशन उपनगरातल्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात झालं. त्या रिपोर्टात शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुन्यात स्नायूचा तुकडाच आलेला नाही. म्हणजे 'स्नायूपर्यंत गेलेला दिसत नाही' याचा खरा अर्थ 'स्नायू बघितलाच नाही' असा होता. घरात कोणी आहे का बघायला जायचं आणि दार न उघडताच 'कोणी दिसलं नाही' म्हणून सांगायचं. ती ओळ आम्हाला कोणी वाचून दाखवली नाही. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी त्याच ओळीखाली पेन्सिल ओढली. टी-वन हाय ग्रेडमध्ये काही आठवड्यांत पुन्हा एकदा आत जाऊन त्याच जागेवरून खोल खरवडायचं असतं, स्नायू आलाच पाहिजे, असा सरळ नियम आहे. ते केलं. स्नायू आला. स्वच्छ होता. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे जे झालं ते ऐकून प्रत्येक जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतो, "स्नायूत आधीच असेल हो, चुकला असेल." नव्हता. दोनदा वाचलंय.

*

मग बीसीजी. दंडावरच्या वणाची लस, तीच. नळीतून पिशवीत सोडायची, दोन तास धरून ठेवायची, आठवड्याला एक अशा सहा. ऐकून बाबा म्हणाले, "टीबीचे जंतू? मुद्दाम?"

मुद्दामच. कालमेट आणि गेराँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी लील शहरात गायीच्या क्षयाचे जंतू बटाटा आणि पित्तावर १३ वर्षं, २३० वेळा पिढ्यान् पिढ्या वाढवून त्यांचा दात पाडला आणि १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली. पुढे कॅनडात आल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये ती मूत्राशयात घालून बघितल्याचं प्रसिद्ध केलं. जंतू आले म्हणून शरीराची फौज पिशवीत उतरते आणि जंतूंबरोबर उरल्यासुरल्या रोगट पेशीही मारते. सहाच आठवडे का? तर मोरालेस यांच्याकडे ती लस सहा कुप्यांच्या खोक्यात यायची! हे वाचून मला फार बरं वाटलं. जगभर चालणाऱ्या उपचाराचं वेळापत्रक एका खोक्याच्या मापाने ठरलं. आमच्या घरातलं दुधाचं माप असंच ठरलंय.

नळी काढल्यावर खाटेवर कुशी बदलत राहायचं, म्हणजे औषध सगळ्या भिंतींना लागतं. बाबा म्हणायचे, "जिगरवर कापड फिरवतात तसं." जिगर म्हणजे रंगाच्या हौदातून कापड या रुळावरून त्या रुळावर ओढणारं मशीन. आई म्हणायची, "भाकरीसारखं."

खरी पंचाईत घरी. औषधात जिवंत जंतू, त्यामुळे पुढचे सहा तास लघवी झाली की संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग पाणी टाकायचं. सामाईक संडासाबाहेर सकाळी बादल्यांची रांग असते, तिथे वीस मिनिटं दार लावून कोण बसू देणार? मी म्हटलं, डोंबिवलीला चला. ते म्हणाले, लोकलमध्ये दोन तास धरवेल? मुद्दा बिनतोड होता. शेवटी त्यांनी चाळीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की मंगळवारी दुपारी बारा ते सहा शेवटचा संडास माझा. कारण सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. मंगळवारी ते लुंगी खोचून, ब्लीचिंग पावडरचा डबा काखेत मारून गॅलरीतून चालत जायचे. पावडर हाताने मापायचे, चमचा नाही. वास घेऊन सांगायचे, "ही मेलेली आहे, नवीन आण." तो संडास एवढा पांढरा शुभ्र कधीच नव्हता. सहा आठवडे संपले तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आता पुढच्या मंगळवारी नाही का?"

दर तीन महिन्यांनी दुर्बीण. दर वेळी साफ. पडद्यावर पिशवीचं अस्तर फिकट गुलाबी दिसायचं, त्यावर बारीक लाल शिरांची जाळी. जुन्या जखमेचा पांढरा व्रण. डॉक्टर बाई म्हणायच्या, "सुंदर आहे." बापाचं मूत्राशय सुंदर आहे हे ऐकून मला अभिमान वाटायचा, हसू नका.

*

जानेवारी २०२४ ची दुर्बीण साफ होती. त्याच महिन्यात कंबर दुखायला लागली.

बहात्तराव्या वर्षी कंबर दुखली तर माणूस काय करतो? बाम लावतो. बाबांनी लावला. मग हाडवैद्य, मग शेक, मग 'गादी बदला'. शिमग्याला गावी जाऊन आले आणि तिथून उठताना दोघांनी धरावं लागलं. एमआरआय केला. कमरेच्या दुसऱ्या मणक्यात काहीतरी होतं.

मुंबईत मणक्यात काहीतरी निघालं की पहिलं नाव एकच. डॉक्टर म्हणाले, "टीबी असू शकतो." त्यात आमच्याकडे एक जास्तीची शंका. ज्या माणसाच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वी जिवंत बीसीजी सोडलंय, त्याच्यात तेच जंतू क्वचित सुटून मणक्यात जाऊन बसतात. तसं असेल तर टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड त्या जंतूंना लागू पडत नाही, म्हणून आंधळेपणाने एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, चालू करायची नाही, सुई घालून तुकडा काढायचा. कॅन्सरचं नाव डॉक्टरांनी तिसरं घेतलं, तेही 'पण पिशवी तर साफ आहे' असं म्हणत.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांबद्दल मी कोणाशी फारशी बोललेले नाही.

आमच्या घरात टीबी हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत. थोरले काका, बाबांचे सख्खे मोठे भाऊ, सूतखात्यात होते. १९७४ मध्ये शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात गेले. त्यानंतर आजीने त्यांचं ताट नदीत सोडलं. आईने आम्हाला लहानपणी कोणी खोकलं तरी गॅलरीत पाठवलेलं आठवतंय. आणि त्या आठ दिवसांत तीच आई रोज संध्याकाळी दिवा लावून पुटपुटत होती, "आई, टीबीच असू दे गं." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. मीही तेच मागत होते. टीबी म्हणजे वर्षभराच्या गोळ्या, पण माणूस उठतो. पन्नास वर्षं ज्याचं नाव घरात घेतलं नाही, त्याची आम्ही पाहुण्यासारखी वाट बघत होतो.

टीबी नव्हता. तुकड्यातल्या पेशी मूत्राशयाच्या अस्तराच्या जातीच्या होत्या. 'गाटा-थ्री पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं, म्हणजे पेशी कुठल्या गावच्या ते सांगणारा शिक्का. पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही दोन ठिपके उजळले. त्यात पिशवी नेहमीच दिव्यासारखी पेटलेली दिसते, कारण स्कॅनचं औषधच लघवीतून बाहेर पडतं, तेव्हा तिच्याबद्दल काही कळेना. म्हणून पुन्हा दुर्बीण. पिशवीतून चार ठिकाणचे नमुने. मूत्रपिंडं, मूत्रनलिका, सगळं तपासलं. सगळं साफ. ज्या घरातून चोर निघाला त्या घराची कडी जशीच्या तशी लावलेली.

*

"असं कसं?" हा प्रश्न मी त्या काळात किती जणांना विचारला असेल.

उत्तर तुकड्यातुकड्यांत मिळालं. हा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेकदा पायऱ्या उतरत जातो. आधी स्नायू, मग ओटीपोटातल्या गाठी, मग फुप्फुसं, यकृत, हाडं. स्नायूला न शिवता, पिशवीत पुन्हा न उगवता थेट लांब जाऊन बसणं फार दुर्मीळ. वैद्यकीय नियतकालिकांत अशा एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत. डॉक्टर बाई म्हणाल्या की त्यांतल्या काहींत पहिल्या वेळी खोली मोजायला चूक झालेली असणार. सगळ्यांत नाही. कारण पाकिटावरचं चित्र आठवा. तो मधला सैल थर. त्यातच तर शिरा आहेत. टी-वन म्हणजे गाठ रस्त्याला लागलेली असते. स्नायू हा पुढचा मुक्काम आहे, पण बाहेर पडायला मुक्काम गाठावाच लागतो असं नाही. एखादी पेशी तिथल्या तिथे शिरेत उतरू शकते. गाठ खरवडताना पिशवी पाण्याने फुगवतात आणि शिरा उघड्या पडतात, त्या दाबाने पेशी आत ढकलल्या जात असतील असाही एक तर्क आहे. तो ऐकून मी दोन रात्री झोपले नाही. मग बाईच म्हणाल्या, "खरवडली नसती तर ती गाठ खाली गेलीच असती. तेव्हा तो विचार सोडा." सोडला, म्हणजे सोडल्यासारखं केलं.

आणि कमरेचाच मणका का, याचं उत्तर १९४० मधलं निघालं. ऑस्कर बॅटसन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शवांच्या शिरांत एक्स-रेत दिसणारं द्रव्य सोडून बघितलं. ओटीपोटातल्या शिरा पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या आहेत आणि त्या जाळ्यात झडपा नाहीत. हातापायांच्या शिरांत रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात, इथे नाहीत. खोकललं, कुंथलं, जड उचललं की पोटातला दाब वाढतो आणि रक्त मणक्यांकडे वळतं. बाबा आयुष्यभर ओल्या कापडाचे गठ्ठे उचलत आले होते आणि बिडीपायी खोकत आले होते. अर्थात त्यामुळेच असं झालं असं म्हणता येणार नाही. रस्ता सगळ्यांच्याच अंगात आहे.

हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं, शिक्षिकेच्या सवयीने, कागदावर बाण काढून. पाऊस नुकता सुरू झाला होता, गॅलरीत दोरीवर कपडे वाळत नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी त्या दिवशीच डॉक्टरला बोलणार होतो. तो बोलला वरवर हाय, चांगलं हाय. अगं, मुरलेला रंग कुठं जातो? धाग्यात बसतो. कापड फाटंल पण रंग हलायचा नाय. जो वरवर असतो तोच सुटतो. एका धुण्यात बाकीची सगळी कापडं रंगवून ठेवतो, आणि मूळ कापड बघशील तर स्वच्छ."

शास्त्र उलट सांगतं हे मला माहीत आहे. खोल गेलेला कॅन्सरच जास्त पसरतो, पुष्कळ जास्त. कापड म्हणजे शरीर नव्हे. पण त्यांच्यापुरतं, त्या एका माणसापुरतं, ते म्हणाले ते शब्दशः झालं होतं. आणि पाकिटावरच्या चित्रासमोर ते का हसले नव्हते तेही मला तेव्हा कळलं.

*

रंगखात्याबद्दल थोडं सांगायला हवं.

बाबा संगमेश्वरातून १९७० मध्ये एकोणिसाव्या वर्षी आले. मामा जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीचा, म्हणून बदली कामगार म्हणून लागले. रंगखातं कोणाला नको असायचं. तळमजला, वाफ, कॉस्टिकने सोललेल्या बोटांच्या चिरा. कोकणातून आलेल्या नव्या पोराला तिथेच टाकत. हातमोजे नव्हते. रंग कालवायला लाकडी दांडा होता, पण घाईत कोपरापर्यंत हात घालायचे. जेवायच्या सुट्टीत त्याच हाताने बिडी.

लुडविग रेन या फ्रँकफर्टच्या सर्जनने १८९५ मध्येच सांगून ठेवलं होतं की फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होतात. (याच रेनने पुढच्या वर्षी धडकत्या हृदयाला टाके घातले. इतिहासात तो त्या टाक्यांमुळे राहिला, रंगाऱ्यांमुळे नाही.) पुढे कारण कळलं. बेंझिडीन, नॅफ्थिलअमाइन असली द्रव्यं कातडीतून, श्वासातून आत जातात, यकृतातून होऊन लघवीत उतरतात आणि लघवी पिशवीत तासन् तास साठून राहते. अस्तर त्यात भिजत पडतं, हौदात कापड पडावं तसं. त्याच जातीची द्रव्यं तंबाखूच्या धुरातही असतात. आणि परिणाम दिसायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं जातात. नव्वदच्या दशकात जर्मनीत आणि मग आपल्याकडेही अशा अनेक रंगांवर बंदी आली. १८९५ ते नव्वदचं दशक. 'लवकर' हा शब्द इथेही वापरून बघा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बाबा त्यांत. गिरण्या हळूहळू संपल्या, पण संप मागे घेतल्याचं रीतसर कोणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा नंतर सात वर्षं भिवंडीच्या एका प्रोसेस हाउसात तेच काम करत होते. मग गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरखाली वॉचमन. म्हणजे रंगात एकोणीस वर्षं आणि खुर्चीवर जवळजवळ पंचवीस.

डॉक्टरांच्या फाइलीत मात्र 'व्यवसाय'पुढे एकच शब्द होता.

*

पुढचं थोडक्यात. मणक्याला एकाच दिवशी शेक दिला, रेडिएशनचा. दुखणं खरंच उतरलं. मूत्रपिंडं थोडी कमजोर होती म्हणून केमो सौम्य बसवली. मधले तीन महिने चांगले गेले, गणपतीत लालबागला रांगेत नाही पण गॅलरीत खुर्ची टाकून रात्रभर बसले. डिसेंबरात गेले. घरी.

मला सांगायचीय ती जुलैतली दुपार. केमोचा दिवस होता. परळच्या त्या भागात फुटपाथवर चटया टाकून बसलेली गावोगावची माणसं ओलांडत आत जायचं. १९४१ पासून तिथे टाटा आहे, तेव्हापासून ती माणसंही असणार. सलाईन चालू असताना एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, लातूरकडची, हातात फॉर्म. बाबांची केस दुर्मीळ आहे, वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहायची आहे, नाव कुठेही येणार नाही, फोटोत चेहरा नाही, फक्त स्कॅन. सही द्याल का आजोबा?

"छापणार?" बाबा उठून बसले.

"हो."

"वाचून दाखवा काय लिवलंय."

ती इंग्रजी वाचत आणि मराठीत सांगत गेली. त्र्याहत्तर वर्षांचे पुरुष, निवृत्त वॉचमन, धूम्रपानाचा इतिहास...

"थांबा. वॉचमन नाय. वॉचमनला हा रोग होतो का? रंगखातं लिवा. एकोणीस वर्षं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने 'वॉचमन' खोडलं, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "त्र्याहत्तर वर्षांचे पुरुष, कापड गिरणीच्या रंगखात्यातले निवृत्त कामगार. आता बरोबर?"

बाबांनी पेन हातात घेतलं. सलाईनचा हात होता म्हणून दुसऱ्या हाताने कागद दाबून धरला, आणि सही करायच्या आधी म्हणाले, "निवृत्त खोडा. आमचा संप चालू हाय."